शेळ्यांवरचा आळ

हल्ली मी कुठल्याही वस्तीवर गेले की गोठ्यात पाय ठेवायच्या आधी विचारते, "कुणाला काही सांगायचंय का?" आणि गप्प उभी राहते. लोक हसतात. "म्याडम, तुमीच सांगायचं, आमी काय सांगणार?" म्हणतात. तरी मी थांबते. बाईमाणसं मागं उभी असतील तर त्यांच्याकडं बघून थांबते. ही सवय मला जन्मजात नाही, ती मला लावून घ्यावी लागली.

जनावरांची डॉक्टर म्हणून इंदापूर तालुक्यात माझी बरीच वर्षं गेली. घर बारामतीत, रोजचं जाणं-येणं. माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर, हे आधीच सांगून टाकते. दावणीला बांधलेली जर्सी लाथ झाडते तेव्हा गोडीगुलाबीनं बोलून भागत नाही, "धर की घट्ट, बघतोस काय तोंडाकडं!" असं ओरडावंच लागतं. ओरडल्यावर काम पटकन होतं, मग माणसाला त्याची चटक लागते. घरी मिस्टर म्हणतात, "अगं, इथं गाय नाहीये, हळू बोल." मी म्हणते, हळूच बोलतेय.

लंपी आला त्या वर्षीची ही गोष्ट. गाईला आधी ताप, मग अंगभर टणक गाठी, पाय सुजलेले, दूध आटलेलं. गाईंची स्वतःची अशी लस तेव्हा आमच्या हाताशी नव्हती. शेळ्यांना देवी येतात, त्यावरची लस होती. तीच गाईंना टोचायची असं ठरलं. बर्फाच्या डब्यात त्या लहानलहान बाटल्या घालून मी स्कूटीवरून वस्त्या पालथ्या घालायचे आणि दर वस्तीवर एकच प्रश्न यायचा.

"म्याडम, शेळीचं औषध गाईला? असं कुठं असतंय व्हय?"

त्यावर माझं एक ठरलेलं उत्तर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तरावर मी फार खूश होते. मी म्हणायचे, "शेळीची देवी, मेंढीची देवी आणि गाईचा लंपी, हे तिघंही विषाणू एकाच घराण्यातले. चुलत भाऊ समजा. एकच जुनी पोथी तिघांनी आपापल्या वहीत उतरवून घेतली आणि उतरवताना ज्याची त्याची दोन-चार पानं वेगळी झाली. बाकी सगळं तेच. गाईला शेळीचा विषाणू नुसता ओळख करून द्यायला दाखवायचा, तोही दात काढलेला. एकदा ओळख पटली की त्याचा चुलत भाऊ आला तरी गाय त्याला दारातच अडवते." लोकांना हे लगेच पटायचं. भावकी म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पुढं ह्याच उत्तरानं माझी पंचाईत केली.

निमगाव केतकीच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडं, दोन घरांची एक वस्ती आहे. सख्ख्या भावांची घरं, मधे फक्त एक बांध. थोरला भाऊ म्हणजे आबा. सत्तरीचे, कडक टोपी, गोठ्यात पंखे, पाण्याचे फवारे आणि दावणीला आठ गाई. धाकटा भाऊ माळेगावच्या साखर कारखान्यात कामाला, सुट्टीला तेवढा घरी. त्यामुळं बांधाच्या पलीकडचं सगळं त्याची बायको बघायची. तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायचे. तिच्याकडं एकच तांबडी गाय, तीही सात महिन्यांची गाभण, आणि पाच शेळ्या. माहेरहून मिळालेल्या एका शेळीच्या तिनं पाच केल्या होत्या. घर आमचं, रान आमचं, गाय आमची असं बोलणारी ही बाई शेळ्यांचं नाव निघालं की म्हणायची, "त्या माझ्या हायत."

लस टोचायला गेले तो दिवस मला चांगला आठवतो. शहाण्यानं काय करावं? आधी लहान गोठा घ्यावा, मग मोठा. जनावरागणिक सुई बदलावी, आणि अगदीच अडचण आली तर निदान गोठा बदलताना तरी नवी घ्यावी. आजारी दिसेल त्या जनावराला टोचूच नये. हे मी दुसऱ्यांना शिकवत होते हो! पण त्या वस्तीवर काहीही यायचं ते आधी थोरल्या गोठ्यात यायचं. दुधाची गाडी, रेतन करणारा माणूस, डॉक्टर, सगळे. तसं कुणी सांगत नाही, पाय आपोआप तिकडं वळतात. आबांनी खुर्ची टाकलेली, चहा उकळत ठेवलेला. माझेही पाय तिकडंच वळले.

आधीच्या वस्तीवर एका खोंडानं झटका देऊन तीन सुया वाकवल्या होत्या. पाकीट संपत आलं होतं. आबांच्या पहिल्या तीन गाई मी व्यवस्थित केल्या. चौथी गाय कान पाडून उभी होती आणि तिच्या पुढ्यातली वैरण तशीच पडलेली.

"आबा, हिनं खाल्लं नाही काही?"

"ऊन लागलंय तिला. चालू द्या."

थर्मामीटर पिशवीत होता. मी तो काढला नाही. डोक्यावर ऊन, पुढं अजून तीन वस्त्या, आणि आबांसारखा माणूस चालू द्या म्हणतोय. मी चालू दिलं. त्या गाईपासून पुढं आठवीपर्यंत मी एकच सुई वापरली. आणि तीच घेऊन बांध ओलांडला.

आक्का तांबडीची मान काखेत धरून उभी होती. आबा माझ्यामागून बांधापर्यंत आले होते, म्हणून तिनं पदर पुढं ओढला. थोरल्या दिरासमोर ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. तिनं अगदी हळू आवाजात म्हटलं, "म्याडम, एक सांगू का..."

"आक्का, आधी गाय धरा!" मी म्हणाले. "गप धरा. बोलायचं ते नंतर."

ती गप्प झाली. मी टोचलं, चार दिवस सुईच्या जागी थोडी सूज दिसेल, घाबरू नका, असं सांगितलं आणि स्कूटीला किक मारली. तिचं ते सांगायचं काय होतं हे विचारायला मी थांबले नाही. खरं तर रस्त्याला लागेपर्यंत विसरूनही गेले.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला. जाऊन बघते तर तांबडीच्या मानेवर, बरोबर सुईच्या जागी, लिंबाएवढी गाठ आणि तिथून पुढं खांद्यावर, पोटावर, कासेवर गाठीच गाठी. अंग भट्टीसारखं तापलेलं. मी औषधं दिली, जखमांना काय लावायचं ते सांगितलं. आक्कानं गोठ्यात कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला होता. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि गाठ हाताला लागली की तिथं थांबत होती. गाभण गाय होती हो.

तेवढ्यात बांधावर आबा आले. रागानं नाही, अगदी शांतपणे बोलले, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं.

"म्याडम, शेळीचं औषध घातलं अन् शेळीचा रोग आला. हिच्या पाच शेळ्या हितंच गाईपाशी बांधल्यात. तुमीच म्हणला हुता, चुलत भाऊ हायत. मग दुसरं कुठनं येणार? माझ्या आठ गाई हायत. शेळ्या वस्तीवर नकोत. बाजारात घाला."

"आबा, शेळीला लंपी होत नाही. आणि लसीनं गाय आजारी पडत नाही."

"तसा कागद आणा. कागद बघतो, मग ठरवू."

बोलता बोलता माझी नजर त्यांच्या दावणीवर गेली. सातच गाई होत्या. "आठवी कुठं गेली?" मी विचारलं. "पाव्हण्यांकडं दिलीय," ते म्हणाले. दुधाची गाय पाहुण्यांकडं कोण देतं? हे माझ्या मनात आलं, आणि मी ते तिथंच सोडलं.

आता आक्काच्या शेळ्या राहणार की जाणार हे एका कागदावर आलं होतं. आणि तो कागद सोपा नव्हता. रक्त तपासून उपयोग नसतो, कारण रक्तात ह्या तिन्ही भावांची खूण सारखीच उमटते. त्यासाठी गाठीवरची खपली काढून लांबच्या प्रयोगशाळेत पाठवावी लागते. तिथं विषाणूची ती वही उघडतात आणि जी दोन-चार पानं वेगळी आहेत नेमकी तीच वाचतात. त्यावरून कळतं, हा शेळीच्या लसीतला की गाईचा लंपी. मी तांबडीची खपली बर्फात घालून पाठवली.

त्या दिवसांत मला भीती होती ती लसीची. समजा लसीतलाच विषाणू निघाला तर? तालुक्यात एकही माणूस गाईला हात लावू देणार नाही. मी ह्याच काळजीत होते. सुईचा विचार आला नाही असं नाही. डबा धुताना सुयांचं ते रिकामं पाकीट हाताला लागलं, तेव्हा मानेवरची ती पहिली गाठ डोळ्यांपुढं आली होती. पण मी स्वतःला म्हटलं, माशा आहेत, गोचीड आहेत, चावरे डास आहेत, रोग त्यांनीही पसरतो. हे खोटं नव्हतं. मी पाकीट कचऱ्यात टाकलं.

आक्काचा रोज फोन. "म्याडम, कागद आला का?" एवढंच. आबांच्या सांगण्यावरून तिनं शेळ्या पार ओढ्याकाठच्या बाभळीखाली नेऊन बांधल्या होत्या आणि दिवसातून चार वेळा पाणी घेऊन तिकडं चालत जात होती. एके दिवशी नेहमीचा प्रश्न विचारून झाल्यावर ती म्हणाली, "तांबडीनं वासरू टाकलं. कालवड हुती." मी कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले, आणि जे बोलले ते काही कामाचं नव्हतं.

मग अहवाल आला. गाईचा लंपी. लसीतला शेळीचा विषाणू नाही, नाही म्हणजे नाही. मला इतकं हायसं वाटलं की दवाखान्यात सगळ्यांना मी चहा पाजला. शेळ्या सुटल्या, लस सुटली! चहा पिता पिता काय मनात आलं कुणास ठाऊक, मी प्रयोगशाळेत फोन लावला.

"तुम्ही ती पानं वाचता त्यावरून हा रोग कुठल्या गाईकडून आला ते कळेल का हो?"

पलीकडचे गृहस्थ भले होते. म्हणाले, "म्याडम, तुमच्या भागातल्या सगळ्या गाठींत आत्ता एकच विषाणू आहे, अक्षरन् अक्षर तोच. त्याचं घराणं कळतं. तो कुठल्या वाटेनं आला ते नाही कळत."

मी फोन ठेवला. म्हणजे मीही सुटले होते. सुईचं कुणाला कधीच सिद्ध करता येणार नव्हतं, आबांना नाही, साहेबांना नाही, कुणालाच. आनंद व्हायला हवा होता. चहा मात्र पुढं गेला नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन वस्तीवर गेले. आबा अंगणात बाजेवर बसले होते. आक्का तिच्या घरातून आली आणि गोठ्याच्या खांबाआड पदर घेऊन उभी राहिली. मी कागद वाचून दाखवला, मराठीत समजावून सांगितलं. लसीचा विषाणू नाही, शेळीचा नाही, गाईचा आहे.

आबांनी ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाले, "बरं. शेळीचा न्हाय. मान्य. पर ह्या वस्तीवर पयली गाठ तिच्याच गाईला आली का न्हाय? कुठनं तरी आलंच की. माशी शेळीवरनं उडून गाईवर बसली न्हाय, असं लिवलंय का ह्या कागदात?"

"शेळीला हा रोग नसतोच, तर माशी काय नेणार?"

"ते आमाला कळत न्हाय. चुलत का असंना, घराणं एकच म्हणताय न्हवं? भावकीतनं काय येतं अन् काय न्हाय, आमाला इचारा. पुढच्या बाजारला शेळ्या गेलेल्या बऱ्या."

कागद माझ्या हातात होता आणि तो एवढ्यावर थांबत होता. मी आक्काकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. गयावया नाही, रडणं नाही. नुसती बघत होती, जणू मला काही येतं का ते पाहत होती. मी गप्प बसले तर शेळ्या जाणार होत्या, एवढं मला स्वच्छ दिसलं. त्या तिच्या होत्या. माझी मात्र नोकरी होती, इज्जत होती, आणि तालुकाभर मिरवलेलं शहाणपण होतं.

"आबा," मी म्हणाले, "शेळ्या कुठं जाणार नाहीत. रोग माझ्या सुईनं गेला असणार."

मग मी सगळंच बोलून टाकलं. "तुमच्या चौथ्या गाईनं त्या दिवशी वैरण खाल्ली नव्हती. तुम्ही म्हणालात ऊन लागलंय आणि मी ऐकलं. ताप बघितला नाही. तीच सुई पुढं चालवली, त्यात तुमच्या बाकीच्या गाई नशिबानं वाचल्या, आणि तीच बांध ओलांडून तांबडीच्या मानेत घातली. पहिली गाठ तिथंच आली. कागदावर हे कधी येणार नाही, माशीनंही आलं असेल, पण मी इथं उभी राहून शेळ्यांचं नाव घेणार नाही. आणि तुमची आठवी गाय पाव्हण्यांकडं नाही. आहे का?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. म्हातारे दिसले.

"तीच ती चौथी. मळ्यातल्या छपरात हाय," ते म्हणाले. "अंगभर गाठी हायत. डेरीवाले दूध बंद करतील म्हणून नेली तिकडं. तुमी टोचायच्या आधीच तिला ताप हुता." मग त्यांनी खांबाकडं न बघता, जमिनीकडं बघून म्हटलं, "शेळ्या आणून बांध गं हितं. लांब कशाला जायचं."

मी छपरात जाऊन त्यांची गाय बघितली. ती वाचण्यासारखी होती, उपचार सुरू केले. मग हात धुऊन आक्काकडं गेले. तोवर तिनं शेळ्या आणल्याही होत्या. पाचही जणी नेहमीच्या जागी, तोंडं पाल्यात. तांबडी उभी होती, कातडीवर जागोजागी भोकं पडल्यासारखे व्रण, बरगड्या वर आलेल्या, पण चघळत होती.

मला माफी मागायची सवय नाही. म्हणून मी एका दमात म्हणाले, "आक्का, चूक माझी. तुमची कालवड माझ्यामुळं गेली."

ती पेंढी सोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"त्यांच्या गाईला तीन दिस ताप हुता. रोज दिसायचं मला हितनं, तोंड लावत न्हवती कशाला. अन् सुई तुमी बदलली न्हवती. मी बघत हुते की. तेच सांगत हुते तुमाला."

आणि मग माझा जो स्वभाव आहे तोच उफाळून वर आला. "अहो, मग सांगायचं की! ओरडून सांगायचं! माझा हात धरायचा!"

माझ्या आवाजानं शेळ्या दचकून मागं सरल्या. आक्कानं एकीच्या पाठीवर हात ठेवला, ती निवांत होईपर्यंत थांबली, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली. आवाजात राग नव्हता, आजही आठवून बघते, खरंच नव्हता.

"तुमी म्हणला, गप धरा. मी धरली."